वाटाण्यांच्या मापानं साडेसहा मार्क

गुलाबरावांनी एका कादंबरीला दहापैकी साडेसहा मार्क दिले आणि त्यांच्या मुलाची बढती धोक्यात आली.

हे वाचून कुणाला वाटेल, सांगणारा तिखटमीठ लावतोय. त्यानं दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात येऊन राहावं. ही केंद्र सरकारच्या नोकरदारांची वसाहत. इथल्या प्रत्येक माणसाला त्याचा साहेब वर्षातून एकदा दहापैकी मार्क देतो, आणि त्या मार्कांवर बढती, बदली आणि घरातलं हवामान ठरतं. ज्याच्यावर साहेब खूश, त्याला नऊ. ज्याच्यावर खूश नाही पण ज्याच्याशी भांडायचंही नाही, त्यालाही नऊ. आठ म्हणजे काहीतरी बिनसलंय. सात मिळाले तर माणूस रजा टाकून गावी जातो आणि देवाला विचारून येतो. सहाच्या घरातला आकडा म्हणजे शिवी, फक्त लेखी. त्यामुळे इथल्या लोकांना नऊच्या खाली मोजताच येत नाही. नव्या सुनेचा शिरा नऊ, गणपतीतलं नाटक नऊ, सरोजिनी नगरच्या बाजारातून आणलेला आणि पहिल्याच धुण्यात बाळाच्या मापाचा झालेला स्वेटरसुद्धा नऊ.

गुलाबरावांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांना स्वतःला आयुष्यात कुणी मार्क दिले नव्हते. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथिगृहात ते जेवणघरात वाढपी होते. तिथं पसंती-नापसंती ताटावरून कळायची. ताट पुसलेलं परत आलं तर पाहुणा खूश. कोशिंबीर तशीच आली तर आचाऱ्याला आत जाऊन सांगायचं. यात कागद कुठंच नव्हता, आणि ते बरंच होतं, कारण तेव्हा गुलाबरावांना वाचता येत नव्हतं.

अक्षरओळख झाली ती निवृत्तीनंतर. मुलगा अविनाश इथंच मंत्रालयात लागला होता. नात निधी दिल्लीत वाढलेली. तिला ‘उंबरठा’ म्हणजे काय ते विचारलं तर ती ‘कोई रेस्टॉरंट है क्या’ म्हणायची. म्हणून तिला मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गाला घातलं. तिला सोडायला गुलाबराव जायचे आणि थंडीत बाहेर उभं राहण्यापेक्षा मागच्या बाकावर बसायचे. पुढं निधीनं वर्ग सोडला. गुलाबरावांनी सोडला नाही. शिकवणाऱ्या पद्मजाबाईंनीही त्यांना जा म्हटलं नाही, कारण तेवढा एकच विद्यार्थी मोबाइल न बघता बसायचा.

तर असे हे गुलाबराव. बोट ओळीखाली धरून वाचायचे, आणि मोठ्यानं वाचायचे. मनातल्या मनात वाचलं की शब्द कुठं जातात ते त्यांना समजत नसे.

जानेवारीत मंडळाचे सचिव उन्मेष कर्णिक यांनी ‘वाचन महिना’ जाहीर केला. कर्णिक अवर सचिव होते आणि घरी चहासुद्धा परिपत्रक काढल्याशिवाय घेत नसत अशी वदंता होती. योजना सोपी होती. प्रत्येक सभासदानं महिनाभर कादंबऱ्या वाचायच्या, प्रत्येकीला दहापैकी मार्क द्यायचे, एका ओळीचा शेरा लिहायचा आणि चिठ्ठी मंडळाच्या पेटीत टाकायची. शेवटच्या रविवारी चिठ्ठ्या जाहीर वाचल्या जातील. टाकलेली चिठ्ठी परत मिळणार नाही, असाही एक नियम होता. मागच्या वर्षी रांगोळी स्पर्धेच्या परीक्षकांनी निकालानंतर तीनदा मत बदललं होतं, त्याचा तो परिणाम.

गुलाबरावांनी पहिल्याच दिवशी नाव दिलं. कर्णिक म्हणाले, “काका, तुम्ही नुसते कार्यक्रमाला या. खुर्च्या ठेवतोच आहोत.” गुलाबराव म्हणाले, “खुर्च्या आयुष्यभर मांडल्यात साहेब. आता जरा बसून वाचतो.”

दिल्लीच्या जानेवारीत ऊन ही चैनीची वस्तू. धुकं फाटून ऊन पडलं की कॉलनीतल्या बायका वाटाण्याच्या शेंगांच्या पिशव्या घेऊन बागेत येतात. गुलाबरावांच्या पत्नी कौशल्याबाईंचाही ढीग असायचाच. त्या शेंगा सोलायच्या आणि गुलाबराव शेजारी बसून मोठ्यानं वाचायचे. कौशल्याबाईंना वाचता येत नव्हतं, पण ऐकण्यात त्यांना कुणी फसवू शकत नसे. समोरच्या क्वार्टरमधल्या चावला आंटीही येऊन बसत. त्यांना मराठी कळत नव्हतं. त्या उन्हासाठी यायच्या आणि कौशल्याबाईंचा चेहरा बघून योग्य तिथं हळहळायच्या.

आता मार्क कसे द्यायचे, हा प्रश्न होता. गुलाबरावांनी त्यावर दोन दिवस विचार केला, आणि उत्तर त्यांना टोपलीत सापडलं. पुस्तक रंगलं की कौशल्याबाईंचे हात थांबतात. पुस्तक रटाळ झालं की हात भराभर चालतात. म्हणजे शेंगा जितक्या शिल्लक, तितके मार्क जास्त. ताटाच्या हिशेबासारखाच हिशेब, फक्त उलटा.

पहिली कादंबरी ऐतिहासिक होती, ‘तोफेमागचा शिलेदार’. तिच्यात घोडे फार. माणसं कमी आणि तीही घोड्यावर. कौशल्याबाईंनी अर्धी टोपली सोलून विचारलं, “या घोड्यांना दाणावैरण कोण घालतं?” गुलाबरावांनी मागंपुढं पाहिलं. कुणीच घालत नव्हतं. पाच मार्क.

दुसरी रहस्यकथा, ‘सातव्या मजल्यावरचा चष्मा’. हिच्यापुढं शेंगा जशाच्या तशा राहिल्या आणि घरी सलग तीन दिवस दहीभात झाला. सून तेजश्रीनं विचारलं, “आई, वाटाणे संपले का?” कौशल्याबाई म्हणाल्या, “वाटाणे आहेत गं, पण खुनी सापडेना.” आठ मार्क. दहा झाले असते, पण खुनी शेवटी तोच निघाला जो पहिल्यापासून सगळ्यांना पेढे वाटत होता, आणि कौशल्याबाईंनी ते आधीच ओळखलं होतं.

तिसरीत एक माणूस खिडकीतून बाहेर बघतो. एवढंच. कौशल्याबाईंनी सगळे वाटाणे सोलले, मग लसूण सोलला, मग चावला आंटींच्या शेंगा ओढून घेतल्या. दोन मार्क. यावर कुणी काही बोललं नाही. लेखक पुण्याचा होता, दिल्लीत त्याला कुणी वाली नव्हता.

आणि मग आली चौथी, ‘पोस्टिंग आणि पारिजात’.

ही कादंबरी अविनाशच्या साहेबांनी लिहिली होती. साहेब म्हणजे मृणाल मॅडम, अविनाशच्या विभागाच्या संचालक. दिवाळीत पुस्तक आलं. मॅडमना शासकीय कामातून वेळ नव्हता, म्हणून छपाईची धावपळ अविनाशनं केली. नोएडातल्या एका छापखान्यात तो चार वेळा गेला, नमुना प्रत पाहून ‘ठीक’ म्हणाला, गठ्ठे गाडीत घालून आणले आणि कॉलनीतल्या प्रत्येक मराठी घरात एकेक प्रत पोहोचवली. हा सगळा उत्साह साहित्याचा नव्हता. अविनाशच्या बढतीचं वर्ष होतं, आणि त्याचा वार्षिक अहवाल मॅडमच्या टेबलावर पडून होता.

“बाबा, हिला नऊ द्या,” अविनाशनं पुस्तक हातात ठेवतानाच सांगितलं.

“वाचून देतो.”

“वाचा ना. वाचा आणि नऊ द्या.”

पुस्तक दिसायला देखणं होतं. पानांना आकडे नव्हते; प्रत्येक पानाच्या पायथ्याशी पारिजातकाचं एकेक नाजूक फूल छापलं होतं. आकड्यांनी पानाची शोभा जाते, असं मॅडमचं मत होतं. मागच्या बाजूला लिहिलं होतं, ‘सासूच्या मृत्यूचं प्रकरण वाचकाला हेलावून सोडेल.’

सुरुवात चांगली झाली. सुमित्रा नावाची बाई, तिचा नवरा सरकारी नोकर, घरात सासू खाष्ट पण मनानं चांगली. कौशल्याबाईंचे हात मंदावले. मग नवऱ्याची शिलाँगला बदली झाली. सुमित्रानं रडत रडत पुरणपोळ्या केल्या, डबा भरला, स्टेशनवर गेली. गाडी हलली. कौशल्याबाईंनी शेंग खाली ठेवून डोळे टिपले. त्यांना पाहून चावला आंटींनीही टिपले.

गुलाबरावांनी पान उलटलं आणि वाचलं. नवऱ्याच्या हातात शिलाँगच्या बदलीचा हुकूम आला. सुमित्रानं पुरण शिजायला टाकलं.

कौशल्याबाई म्हणाल्या, “परत?”

“काय परत?”

“अहो, आत्ता तर गेला तो.”

“सरकारी नोकरी आहे. परत पाठवला असेल.”

“मग मधे आला कधी?”

गुलाबरावांनी बोट वर नेलं, पुन्हा खाली आणलं. जे छापलं होतं तेच ते वाचत होते. सुमित्रानं डबा भरला, स्टेशनवर गेली, गाडी हलली. शब्द न शब्द तोच. कौशल्याबाई या वेळी रडल्या नाहीत. चावला आंटी चुकून रडल्या आणि मग ओशाळल्या.

त्यानंतरचं पान उघडलं तर सुमित्राचा मुलगा शाळेत जात होता आणि भिंतीवर सासूच्या फोटोला हार होता.

“सासू कधी गेली?” कौशल्याबाईंनी विचारलं.

“तेच शोधतोय.”

“आणि मुलगा? नवरा तर दोन्ही वेळा शिलाँगला.”

गुलाबरावांनी एकदा पान मागं उलटलं, एकदा पुढं. एरवी त्यांनी पुस्तकाला दोष देऊन टाकला असता. पण साठीनंतर वाचायला शिकलेल्या माणसाच्या मनात एक भीती कायम बसलेली असते. गोष्ट कुठं तुटली की त्याला वाटतं, तुटली आपल्याच डोक्यात. दुसऱ्यांना सलग दिसत असेल. गुलाबरावांनी सगळा भाग तीनदा वाचला. मग एक शहाणपणाची गोष्ट केली. कर्णिकांची प्रत मागून आणली आणि ताडून पाहिली. त्यांच्या प्रतीतही नवरा दोनदा शिलाँगला जात होता आणि सासू न मरताच फोटोत गेली होती. म्हणजे लेखिकेनं असंच लिहिलंय. म्हणजे कळत नाही ते आपल्यालाच.

त्यांनी चार लोकांना विचारायचं ठरवलं. पण वाचता न येणाऱ्या माणसाची एक जुनी खोड त्यांच्यात होती. आपल्याला काय अडलंय ते तो कधी उघड सांगत नाही, आडून विचारतो.

कर्णिकांना विचारलं, “साहेब, त्या शिलाँगचं काय वाटलं तुम्हाला?”

कर्णिक म्हणाले, “शिलाँग फार प्रभावी आहे.”

“पण ते दोनदा...”

“दोनदा हवंच. त्याला फ्लॅशबॅक म्हणतात, काका.”

बागेत प्रतीक भेटला. हा जालन्याकडचा, दिल्लीत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करायचा आणि ऐच्छिक विषय मराठी साहित्य घेऊन बसला होता. तो म्हणाला, “आजोबा, एकच प्रसंग पुन्हा येणं म्हणजे चक्राकार काळ. पंधरा मार्कांना येतो. सासूचा मृत्यू गाळला असेल तर ते मौनाचं सौंदर्य.”

“तू वाचलंस का?”

“प्रश्न वाचलाय.”

सुनेला विचारलं, तर तेजश्री लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, “फ्लो मस्त आहे ना बाबा?” चावला आंटींना सगळं हिंदीत समजावलं, तर त्या म्हणाल्या, “भाईसाहब, दस दे दो. किसी का क्या जाता है. मेरे दामाद को मैं बीस साल से दस दे रही हूँ.”

आता शेंगांचा हिशेबही फसला होता. कौशल्याबाईंचे हात थांबले होते, पण ते रंगून थांबले की बुचकळ्यात पडून, हे कसं ठरवायचं? पहिल्या शिलाँगला टोपली भरलेली होती. दुसऱ्या शिलाँगलाही भरलेली होती, पण कौशल्याबाई शेंग हातात धरून आकाशाकडं बघत होत्या. गुलाबरावांनी पहिल्या भागाचे मार्क पूर्ण धरले, दुसऱ्याचे कापले, पुरणपोळीसाठी अर्धा वाढवला, आणि आपल्या वळणदार, सावकाश अक्षरात लिहिलं: ‘साडेसहा. नवऱ्याची एकाच गावी दोनदा बदली होते. सासू कधी वारल्या ते कळत नाही. पुरणपोळी दोन्ही वेळा चांगली.’

आणि चिठ्ठी पेटीत टाकून आले.

जेवताना त्यांनी हे सहज सांगितलं. अविनाशचा घास हातातच राहिला.

“साडेसहा?”

“सात देणार होतो. पण सासूचा विषय राहून गेला.”

“बाबा, रविवारी मॅडम प्रमुख पाहुण्या आहेत. त्यांच्यासमोर वाचणार आहेत चिठ्ठ्या. खाली तुमचं नाव, म्हणजे माझ्या बापाचं नाव. आणि माझा अहवाल अजून त्यांच्याकडं आहे.”

“मी पुस्तकाला मार्क दिलेत. तुला कुठं दिले?”

“त्या मला देणार आहेत ना.” मग अविनाश आवाज खाली आणून म्हणाला, आणि तो खाली आणलेला आवाजच जास्त लागला, “सगळ्यांना आवडलंय बाबा. एकट्या तुम्हालाच कसं नाही? तुम्हाला कळलं नसेल पुस्तक.”

कौशल्याबाई म्हणाल्या, “मलाही नाही कळलं.”

“आई, तू तर वाचलंच नाहीस.”

“तू वाचलंस?”

अविनाश म्हणाला, “मी छापून आणलंय,” आणि उठून हात धुवायला गेला.

गुलाबरावांना पुढं जेवण गेलं नाही. अतिथिगृहात लोकांनी त्यांच्या अंगावर आमटी परत फेकली होती, तेव्हाही त्यांचा चेहरा असा उतरला नव्हता. वाईट याचं वाटलं की मुलगा म्हणाला तेच त्यांच्याही मनात होतं. ते म्हणाले, “चल. चिठ्ठी परत घेऊ.”

बापलेक मफलर गुंडाळून कर्णिकांकडं गेले. कर्णिक पायाशी हीटर आणि अंगावर शाल घेऊन बसले होते.

“नियमात बसत नाही,” ते म्हणाले.

अविनाश म्हणाला, “नियम तुम्हीच केलाय सर.”

“म्हणूनच मला माहीत आहे की बसत नाही. बदलायचा तर सभा बोलवावी लागेल, सभेला आठवड्याची नोटीस. शिवाय पेटीची किल्ली खजिनदारांकडं. ते लग्नाला नाशिकला गेलेत.”

“मग रविवारी उघडणार कशी?”

“स्क्रूड्रायव्हरनं.”

“मग आज उघडा ना स्क्रूड्रायव्हरनं.”

कर्णिकांनी अविनाशकडं करुणेनं पाहिलं. “आज स्क्रूड्रायव्हर लावला तर ती छेडछाड. रविवारी लावला तर तो कार्यक्रम.”

परत येताना धुकं एवढं होतं की एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. ते एका अर्थी बरंच झालं.

रविवारी हॉल भरला. मृणाल मॅडम आल्या. रेशमी साडी, त्यावर शाल, चेहरा मात्र दमलेला. गुलाबरावांना मागच्या रांगेत बसायचं होतं, पण कौशल्याबाईंनी पुढची खुर्ची धरली होती. “मला नीट ऐकायचंय,” त्या म्हणाल्या. अविनाश खांबाआड उभा राहिला.

स्क्रूड्रायव्हर आला. पेटी उघडली. टाळ्या झाल्या. कर्णिक एकेक चिठ्ठी वाचू लागले. ‘पोस्टिंग आणि पारिजात. नऊ. ओघवती भाषा.’ ‘नऊ. सासूच्या मृत्यूचं प्रकरण हेलावून सोडतं.’ ‘नऊ. सासूच्या मृत्यूनं हेलावलो.’ तेजश्रीची चिठ्ठी आली, ‘नऊ. सासूबाईंच्या मृत्यूचं प्रकरण खूप आवडलं.’ इथं कौशल्याबाईंनी सुनेकडं वळून पाहिलं. कर्णिकांची स्वतःची चिठ्ठी होती, ‘नऊ. सासूच्या मृत्यूचं प्रकरण वाचून दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.’ मॅडम प्रत्येक चिठ्ठीला मान डोलवत होत्या, पण लग्नात आहेर घेताना डोलवतात तशी.

मग कर्णिकांनी एक चिठ्ठी उघडली, थांबले, चष्मा पुसला, अविनाश ज्या खांबाआड होता त्या खांबाकडं पाहिलं. आणि नियम तो नियम म्हणून वाचली.

साडेसहा हा आकडा उच्चारल्यावर मागचा हीटर घरघरतोय हे सगळ्यांना कळलं. कुणीतरी खोकलं. मॅडमनी मान डोलवायची थांबवली.

“हे कुणी लिहिलंय?”

गुलाबराव उभे राहिले. पूर्वी साहेबानं हाक मारल्यावर राहायचे तसेच, हात समोर धरून.

“मी, बाई.”

“दोनदा बदली? मी एकदाच लिहिलीय.”

“असेल बाई. मी शिकलो उशिरा. वाचताना माझं बोट चुकलं असेल.” “मुलाचा यात काही दोष नाही. त्यानं नऊच सांगितले होते.”

खांब हलल्यासारखा वाटला.

तेवढ्यात कौशल्याबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “बोट नाही चुकलं. मी ऐकलंय. दोनदा गेला आणि दोन्ही वेळा डबा तोच. आणि अहो बाई, तुम्ही सासूला मारलीत कधी? एक ओळ तरी लिहायची बिचारीसाठी. आम्ही दोघं शोधून दमलो.”

मॅडम पुढं आल्या. गुलाबरावांची प्रत त्यांनी हातात घेतली. तिच्या कण्यावर घड्या पडलेल्या, कडेला वाटाण्याच्या सालीचा हिरवा डाग. त्या पानं उलटू लागल्या. स्टेशन. गाडी. पुन्हा हुकूम. पुन्हा स्टेशन. मग एकदम फोटो आणि हार. त्यांनी शेजारच्या बाईंची प्रत मागितली. ती उघडताना कर्रकन वाजली, कारण ती पहिल्यांदाच उघडत होती. तिच्यातही तेच. तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. बांधणाऱ्यानं एक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा एक जुडगा, दोनदा लावला होता आणि त्याच्या पुढचा लावलाच नव्हता. पानांना आकडे असते तर कळलं असतं. तिथं होती नुसती फुलं.

“माझं सासूबाईंचं प्रकरण,” मॅडम म्हणाल्या, “या पुस्तकात नाहीच.”

हॉलमधल्या सगळ्यांना एकदम जमिनीवर काहीतरी पडलेलं दिसलं. ज्याची त्याची नजर खाली. ज्या प्रकरणानं कॉलनी हेलावली होती, ते छापलंच गेलं नव्हतं. कर्णिक हळूच म्हणाले, “मी मलपृष्ठाच्या आधारे...” आणि पुढचं वाक्य त्यांनी शालीत ठेवून दिलं.

अविनाश खांबाआडून बाहेर आला. चेहरा पांढरा. “मॅडम, नमुना प्रत मीच पास केली होती. बघितली होती, पण...”

“वाचली नव्हती.”

“नाही मॅडम.”

मॅडम त्याच्याकडं बघत राहिल्या. मग एकाएकी त्या खाली बसल्या आणि हसायला लागल्या. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कुणाला काय करावं कळेना. मंडळाच्या नियमांत याची तरतूद नव्हती.

“माझ्या सासूबाई,” त्या म्हणाल्या, “दिवाळीपासून माझ्याशी बोलत नाहीत. पुस्तक वाचलं, मिटलं, आणि एवढंच म्हणाल्या, ‘माझं मरण तुला इतकं स्वस्त वाटलं?’ मला वाटलं, पुस्तकात त्यांना मारलं म्हणून चिडल्या. तेव्हापासून घरात मी मीठ मागितलं तरी ते मुलाच्या हातून येतं. आणि त्यांची तक्रार मारल्याची नव्हतीच. न रडता मारल्याची होती.”

त्या उठल्या, दाराशी गेल्या आणि फोन लावला. सगळा हॉल आपण ऐकत नाही असं दाखवत ऐकू लागला.

“आई, ठेवू नका, ऐका. ते प्रकरण छापायचं राहून गेलंय... हो, आहे. लिहिलंय... सोळा पानं, आई. सोळा पानं रडलेय मी.” मग बराच वेळ नुसतं “हो, हो” झालं. परत आल्या तेव्हा चेहऱ्यावरचा थकवा कुठल्या कुठं गेला होता. “म्हणतात, आण घरी. बघू तरी कसं मारलंयस.”

आता हॉलही हसला. हसायची परवानगी मिळाल्यावर सगळे जरा जास्तच हसले.

अविनाश मात्र अजून उभाच होता. मॅडमनी त्याला जवळ बोलावलं. “अविनाश, आकडे नकोत हा हट्ट माझा होता. अर्धी चूक माझी. आणि सगळ्यांनी न वाचता नऊ दिले म्हणावं, तर मीही तुमच्या सगळ्या टिपण्या शेवटपर्यंत वाचते असं थोडंच आहे. तरी दरवर्षी नऊ देतेच ना? याही वर्षी दिलेत. परवाच सही केली.”

अविनाशनं खुर्ची शोधली. मिळाली नाही तशी तेजश्रीनं आपली दिली.

गुलाबरावांना बढतीचं ऐकून बरं वाटलं. पण खरं बरं वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ते त्यांनी हॉलमध्ये कुणाला सांगितलं नाही. घराकडं चालताना उजव्या हाताचं बोट त्यांनी मफलरबाहेर काढून पाहिलं. ते चुकलं नव्हतं.

अविनाश बाजूनं चालत होता. फाटकाशी आल्यावर म्हणाला, “बाबा, त्या दिवशी मी बोललो ते...”

“असू दे. त्या खिडकीवाल्या माणसाचं पुस्तक आहे घरी,” गुलाबराव म्हणाले. “ते वाच. म्हणजे फिटलं.”

दोन दिवसांनी मॅडमनी ती सोळा पानं झेरॉक्स करून पाठवली. ऊन चांगलं पडलं होतं. कौशल्याबाईंनी शेंगांची टोपली मांडीवर घेतली, चावला आंटी सरकून बसल्या, आणि गुलाबरावांनी ओळीखाली बोट ठेवलं. सुमित्राची सासू आजारी पडली. सून रात्रंदिवस जागली. शेवटच्या दिवशी सासूनं तिला जवळ बोलावून विचारलं, “पुरणात जायफळ घालतेस ना गं?” आणि मान टाकली. नवरा मधे एकदा रजेवर येऊन गेला होता, तेही या पानांत निघालं. मुलाचा उलगडा झाल्यावर कौशल्याबाईंनी सुस्कारा सोडला. त्यांना त्या मुलाची इतके दिवस काळजी लागून राहिली होती.

वाचून संपलं तेव्हा टोपलीतली एकही शेंग सोललेली नव्हती.

कौशल्याबाईंनी पदरानं डोळे पुसले. “आता किती?”

“आठ.”

“एवढंच? दोनदा शिलाँगचे कापले होते ते परत द्या. ते पाप छापखान्याचं. नऊ करा.”

“नऊ नको.”

“का हो?”

“नऊ सगळे देतात,” गुलाबराव पानांची घडी घालत म्हणाले. “बाईंना वाटेल, वाचलंच नाही.”

संध्याकाळी दहीभात झाला. कुणी विचारलं नाही.